स्पेनच्या देवीची ओटी

रंभाबाई स्पेन देशात जाऊन बाटली, हे नागपूरच्या इतवारीत सगळ्यांना ठाऊक आहे. कशी बाटली याबद्दल मात्र एकमत नाही. कासारीण देवकीबाई बांगडी चढवताना समोरचीचा हात मुठीत दाबून धरते, इकडेतिकडे पाहते आणि घशातल्या घशात सांगते, "पादऱ्यानं मुंडी धरून पाण्यात बुडवली वं माय, बुचकन! वर आली तं नाव रोझी." भांड्यांच्या दुकानातले ताराचंदशेठ घंगाळावर टिचकी मारून म्हणतात, "अरे भई, वो तो वहाँ किले में रहती थी. राजा की रसोई सँभालती थी." कोणता राजा, असं विचारलं की ते घंगाळाचा भाव सांगू लागतात. आणि आमच्या वर्गातल्या सुहासिनीचं म्हणणं असं, की रंभाबाई कुठे गेलीच नव्हती. तेवढे महिने कामठीला राहून आली.

तिघांचेही आवाज मला काढता येतात, आणि मी काढते. पण तिघंही चुकली आहेत. रंभाबाई स्पेनला गेली होती. बाटली नाही. राजा तिला एकही भेटला नाही. किल्ले मात्र पुष्कळ भेटले, आणि त्यांतल्या एकात शेळ्या होत्या. राहता राहिलं पाणी. पाणी तिने घेतलं होतं, आणि तिथूनच सगळं सुरू झालं.

रंभाबाईचं माहेर बेसा, सासर आमच्या गल्लीत. नवरा नत्थूजी दाणाबाजारात मापारी. धान्य मोजताना ते 'एक' म्हणत नाहीत, 'लाभ' म्हणतात, आणि तो 'लाभ' असा लांबवतात की पोत्यातल्या उंदरालाही बरं वाटावं. मूलबाळ नाही. मेलेल्या बहिणीची मुलगी गोपिका रंभाबाईने पाळण्यापासून वाढवली. आणि ती स्वतः सिव्हिल लाइन्समध्ये मिस बेल्चर नावाच्या बाईंकडे कामाला होती. या बाई मुलींना चित्रकला शिकवायच्या. पेन्शनीत निघाल्या तेव्हा त्यांनी ठरवलं, की विलायतेत जाऊन खुर्चीत बसण्याआधी स्पेनमधले जुने किल्ले आणि जुनी चर्चं खेड्याखेड्यांत हिंडून पाहायची आणि त्यांची चित्रं काढायची. उत्साह भरपूर, पण गुडघे दोन्ही कामातून गेलेले. त्या गुडघ्यांना फक्त रंभाबाईच्या हातचं गरम तेल मानवत असे. म्हणून १९२७ साली बाईंनी रंभाबाईला विचारलं आणि रंभाबाईने नत्थूजींना.

"जाय," नत्थूजी म्हणाले, "पण लोणचं घेऊन जाय. तिकडल्या लोकायचा भरवसा नाही."

गोपिकेला जावेकडे ठेवून, लोणच्याची बरणी कापडात बांधून रंभाबाई निघाली. आगबोटीबद्दल ती काही सांगत नाही. "ओकली. उतरली." एवढंच.

पुढचं मात्र ती सांगते आणि मी तिच्याच ओसरीवर बसून तिला परत करून दाखवते. चुकलं की ती थांबवते. "थांब वं पोरी, मेमसाब अशी नाही हसत होती. नाकातून हसे." मग मी नाकातून हसते. आता मला मिस बेल्चर इतक्या जमल्या आहेत की प्रत्यक्ष पाहिल्या नाहीत हे खोटं वाटावं. "रम्भा! इढर डेखो! कैसा सुण्डर कमान!"

खेचरवाला होता ब्राउलिओ. लठ्ठ, मिशीवाला, तोंडाने सतत काहीतरी चालू. त्याला स्पॅनिश सोडून काही येत नव्हतं, रंभाबाईला आपली मराठी सोडून काही नको होतं. "आमा दोघायलेबी विंग्रजी येत नव्हती, म्हून आमचं भल्लं जमलं," ती म्हणते. ती त्याला "काहून गा, खेचर लंगडून राहिलं" म्हणायची, तो खेचराचा खूर उचलून पाहायचा. तो काहीतरी लांबलचक बोलायचा, ती "हो ना गा, तेच तं" म्हणायची, आणि तो खूश. मिस बेल्चर पुस्तकातून शिकलेलं स्पॅनिश बोलल्या की मात्र ब्राउलिओ टोपी काढून डोकं खाजवायचा.

गावांची नावं रंभाबाईने लक्षात ठेवली नाहीत. तिने आपली ठेवली. लसणाचं गाव. घंटेचं गाव. मले-कुत्रं-चावता-चावता-राहिलं गाव. त्यामुळे नकाशात कुणाला काही सापडत नाही, आणि सुहासिनीसारख्यांना कामठी सुचते.

पहिला किल्ला पाहण्याआधी तिला वाटलं होतं नगरधनसारखा असेल, जमिनीवर बसलेला. हा तर टेकडीच्या टोकावर, तुटक्या दाढेसारखा. खाली नजर जाईल तिथवर कापलेल्या गव्हाचं पिवळं रान, झाड औषधालाही नाही. वर जायला पायवाट. मिस बेल्चर खेचरावर, रंभाबाई पायी. खेचरावर ती शेवटपर्यंत बसली नाही. "त्याचं तोंड मले पटलं नाही," म्हणते.

आत गेल्यावर मेमसाब वर पाहायच्या, रंभाबाई खाली. मेमसाब कमानी शोधायच्या, रंभाबाई चूल. "एवढ्या मोठ्या घरचा राजा जेवत कुठी होता, ते तं पाहू द्या!" भिंतीवर बोट फिरवून ती काजळी शोधायची. लसणाच्या गावच्या किल्ल्यात तिला चूल सापडली. केवढी? तर नत्थूजी पाय न दुमडता आडवे झोपतील एवढी. ती सरळ आत जाऊन उभी राहिली, वर धुराड्यातून आभाळ दिसत होतं, आणि तिथून तिने हाक मारली. आवाज असा घुमला की मिस बेल्चरच्या हातातली पेन्सिल पडली. मग त्यांनी कमान अर्धी सोडून चूल काढली, चुलीत उभी रंभाबाई काढली, लुगड्याचा काठसुद्धा काढला. ते चित्र आता विलायतेत आहे. म्हणजे राजाच्या स्वयंपाकघरात ती होती, एवढं ताराचंदशेठचं खरं. राजा तेवढा नव्हता.

शेळ्यांचा किल्ला त्याच्या पुढचा. बुरुजात एक कुटुंब राहत होतं. खाली शेळ्या, वर माणसं, आणि जिथून पूर्वी शिपाई बाण मारायचे तिथे त्या घरच्या बाईने लाल मिरच्या वाळत घातल्या होत्या. मिरच्या पाहून रंभाबाईला माहेर भेटलं. ती बाईशेजारी फतकल मारून बसली आणि मिरच्या उलटू लागली. उलटता उलटता एकीचा तुकडा मोडून तोंडात टाकला. हा प्रसंग मी नेहमी उभी राहून करते, कारण रंभाबाईही सांगताना उभी राहते. "गोड! मिरची गोड वं! भिवापूरच्या मिरचीवाल्यायले सांगतलं तं रडतीन! मिरची गोड करून काय मिळवलं त्या लोकायनं?" तिने बरणी उघडून त्या बाईला आपलं लोणचं चाखवलं. बाई धावत शेळ्यांकडे गेली आणि दूध धारेवरच प्यायली. मग दोघी हसल्या. मग बाईने दुसरी फोड मागितली.

पुढच्या गावात खळी चालू होती. बैलांऐवजी खेचरं, आणि त्यांच्यामागे खालून गारगोट्या ठोकलेली फळी. फळीवर वजनाला माणूस लागतं. तिथल्या बाया हसून हात करत होत्या, रंभाबाई जाऊन बसली. बेसा गावच्या खळ्यावर वाढलेली बाई, पदर खोचून फळीवर बसून गव्हावरून गोल गोल फिरली, आणि वर मळणीचं गाणंही म्हटलं. निघताना बायांनी तिच्या पदरात नवे गहू घातले. ते तिने गाठोड्यात बांधून घेतले.

आणि मग ते चर्च.

मनोऱ्यावर करकोच्याचं घरटं, एवढं की गाडीभर काटक्या असतील. खाली दार, दाराला कुलूप. मिस बेल्चरला या चर्चच्या आत जायचं होतं ते सगळ्यांहून जास्त. आतल्या भिंतीवरची जुनी चित्रं कुणी धड उतरवून घेतली नव्हती. पण गावकरी कोणा परक्याला आत सोडत नव्हते. मागे एक परका येऊन लाकडाची जुनी मूर्ती गोड बोलून घेऊन गेला होता. किल्ली एका म्हातारीकडे, हातभर लांब, कमरेला. मिस बेल्चरने पुस्तकातलं सगळं स्पॅनिश खर्च केलं. म्हातारीने फार तर एकदा आत येऊन नमस्कार करून जा, चित्र नाही, असं हाताने सांगितलं आणि कुलूप काढलं.

रंभाबाईने चपला बाहेर काढल्या. आत शिरताच भिंतीला दगडाचा वाडगा, त्यात पाणी. म्हातारीने बोटं बुडवून कपाळाला लावली. रंभाबाईला सारं कळलं. तीर्थ होय, दुसरं काय? तिने उजव्या हाताचा खोलगट द्रोण केला, तीर्थ घेतलं, प्यायली, ओला हात डोक्यावरून फिरवला. मग दुसऱ्यांदा घेतलं आणि मेमसाबच्या दोन्ही गुडघ्यांवर शिंपडलं.

"रम्भा! नो, नो! पीना नहीं!"

"पिऊन झालं," रंभाबाई म्हणाली.

देवकीबाईच्या 'बुचकन'ची सारी हकीकत एवढीच आहे.

समोर देवी. लाकडाची, सावळी, आपल्यातली वाटावी अशी. अंगावर रेशमी वस्त्र, डोक्यावर मुकुट, मांडीवर लेकरू. मेणबत्त्या होत्या, सुकलेली फुलं होती. पुढ्यात दुसरं काहीच नाही. रंभाबाई पाहत राहिली आणि तिला राहवेना. लेकुरवाळी बाई, आणि ओटी रिकामी? ती तशीच बाहेर गेली, खेचरावरचं गाठोडं सोडलं. स्वतःच्या चोळीसाठी इतवारीतून नेलेला हिरवा खण काढला. तांदूळ नव्हते, खळ्यावरचे गहू घेतले. सुपारी नव्हती, बदाम घेतले. नारळ कुठून आणणार? ब्राउलिओने दुपारच्या जेवणाला खरबूज घेतलं होतं. ते त्याच्या हातातून घेतलं.

ती हे सगळं घेऊन देवीच्या पायरीशी गेली तेव्हा किल्लीवाली ओरडली. काय ओरडली ते मला जमत नाही, पण सूर जमतो. इतवारीत दुकानात गाय शिरली की जो सूर लागतो, तोच.

रंभाबाई वळली. "वरडते काहून वं? मी तं देऊन राहिली, नेऊन नाही राहिली!"

शब्द काय पोहोचणार? पण म्हातारीने हातांकडे पाहिलं. रंभाबाईने पदर पसरून खण ठेवला, गहू ठेवले, बदाम, खरबूज, वर हळदकुंकवाची बोटं लावली आणि पायरीवर डोकं टेकलं. म्हातारी जवळ आली. खणाचा काठ तिने अंगठा आणि बोटामध्ये धरून चोळून पाहिला, अगदी कापडओळीतल्या बाया पाहतात तसा. मग खण उचलला, झटकला आणि स्वतःच्या हाताने देवीच्या गुडघ्यांवर घातला. लेकराचा मुकुट सरळ केला. खरबूज चाकूने कापून सगळ्यांना एकेक फोड दिली, ब्राउलिओला सर्वांत मोठी, कारण त्याचं तोंड सर्वांत उतरलेलं होतं. त्यानंतर ते गाव सोडेपर्यंत चर्चचं दार मिस बेल्चरसाठी उघडं राहिलं.

परत आल्यावर रंभाबाईने हे कुणापासून लपवलं नाही. नळावर सांगितलं, दळणावर सांगितलं, हसत हसत सांगितलं. नळापासून बाजारापर्यंत जाईतो ओटी गळून पडली आणि पाणी उरलं.

चेष्टा होती तोवर रंभाबाईलाही मजा वाटत होती. पण १९३० साली गोपिकेचं लग्न ठरलं, लकडगंजातल्या लाकडाच्या वखारवाल्यांकडे. मुलगा चांगला, घर चांगलं. आणि साखरपुड्यानंतर निरोप आला. नवरदेवाच्या आत्या शोभाताई त्या घरातल्या मोठ्या. त्यांनी कळवलं, की बाटलेल्या बाईने मुलीची ओटी भरलेली आम्हाला चालणार नाही. ती मांडवात असेल तर आम्ही नसू.

गोपिका म्हणाली, "मावशी नाही तं मीबी नाही." आणि तिने जेवण सोडलं. लग्न मोडलं तर मुलीचं नाव खराब होणार, आणि न मोडावं तर जिने न्हाऊमाखू घातलं तीच ओटी भरायला नाही.

नत्थूजींनी तोडगा काढला. "आत गेलीच नाही म्हण ना वं. भाईर खेचरं राखत बसली होती म्हण. त्यायलेबी तेच पाहिजे."

"खोटं काहून बोलू?" रंभाबाई म्हणाली. "मी काय देवीचं मंगळसूत्र आणलं? अन् मांडवात मी बसन. गोपीची ओटी मीच भरन. टांगा सांगा."

लकडगंजला जाताना तिने मला बरोबर घेतलं. "माह्या बोलण्याचं कोणी भलतंच केलं तं तू जसंच्या तसं सांगशीन," म्हणाली. टांग्यात नत्थूजी पुढे बसले होते आणि हलक्या आवाजात "लाभ, दोन, तीन" करत होते. काळजी लागली की ते हवा मोजतात.

मी शोभाताईंना साखरपुड्यात ऐकलं होतं. मी म्हटलं, "मावशी, त्या तुला पाण्याचा पेलाही विचारणार नाहीत."

"इचारन."

"नाही विचारणार. पैज?"

"लाव. हरली तं गोपीच्या लग्नात कोणाची नक्कल नाही. वऱ्हाड जाईस्तोवर तोंड बंद."

"आणि तू हरलीस तर नत्थूजींची नक्कल सगळ्या बायांसमोर करायची."

"त्याच्यात काय, ते तं मी रोजच करतो," असं पुढून नत्थूजीच म्हणाले. कशाला म्हणाले, ते त्यांनाही कळलं नाही.

शोभाताई बैठकीत ताठ बसल्या होत्या. आवाज असा, की करवत सागातून हळूहळू चालली आहे. "बसा." आम्ही बसलो. पाणी आलं नाही. मी रंभाबाईला कोपराने ढोसलं.

"तिकडच्या देवळात गेल्या होत्या म्हणतात तुमी."

"गेली होती."

"भाईरूनच पाहून आल्या असान." शोभाताई म्हणाल्या. दार त्यांनी स्वतःच उघडून दिलं होतं. नुसतं हो म्हणायचं होतं. नत्थूजींची मान हो-हो करत होती.

"नाई. आत गेली. तीर्थबी घेतलं."

करवत थांबली. "कसं होतं?"

"खारट."

"मंग?"

"मंग देवीची ओटी भरली."

शोभाताई पुढे सरकल्या. "कोणत्या देवीची?"

"तिथं हाय ते देवीची. सावळी हाय, लेकरू मांडीवर. पुढ्यात काई नव्हतं, शोभाताई. तुमी त्या दारात उभ्या असत्या तं रिकाम्या हातानं फिरल्या असत्या का?"

नत्थूजींचं मोजणं पुष्कळ पुढे गेलं असावं.

"खण होता?" शोभाताईंनी विचारलं.

"होता. हिरवा."

"तांदूळ?"

"नव्हते. गहू घातले. खळ्यावरचे, नवे."

"चालते. सुपारी?"

"बदाम."

"हं. नारळ?"

रंभाबाई पहिल्यांदाच अडखळली. "नारळ तिकडे नाई मिळाला. खरबूज ठेवलं."

"खरबूज?" शोभाताई उभ्या राहिल्या. करवत गाठीवर लागली. "देवीच्या ओटीत खरबूज? एवढ्या दूर गेल्या, लोणचं नेलं, अन् एक नारळ नाई नेता आला? ते काय म्हणली असंन? नागपुरातून बाई आली अन् माह्या ओटीत खरबूज घालून गेली! उठा. उठा म्हणते ना! चला इकडे." आणि त्यांनी रंभाबाईचा हात धरून तिला थेट देवघरात नेलं. मीही मागोमाग. तिथे त्यांनी नारळ हातात घेऊन शेंडी कुणीकडे करायची, तांदळाची मूठ आधी की खण आधी, सगळं पहिलीतल्या मुलीला दाखवावं तसं दाखवलं. "गोपिकेची ओटी भरसान तवा मी बाजूला उभी राहीन. पाहीन. खरबूज-बिरबूज आणलं तं याद राखा."

"नाई आणत," रंभाबाई म्हणाली. इतकी गरीब गाय झालेली मी तिला आधी कधी पाहिलं नव्हतं.

मग शोभाताई आतल्या दाराकडे वळून कडाडल्या, "काय वं पोरींनो, पावण्यायले पाणी दिलं का कोणी? अन् चहा ठेवा!"

रंभाबाईने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तिला गरज नव्हती.

लग्न थाटात झालं. वऱ्हाडात नवरदेवाचे एक काका होते. प्रत्येक वाक्याच्या शेवटी ते "समजलं का? नाही समजलं तर समजून घ्या" म्हणायचे, आणि 'समजून'च्या 'स'वर त्यांच्या पुढच्या दातातून बारीक शीळ निघायची. असा माणूस जन्मात एकदा मिळतो. बायांच्या घोळक्यात सगळ्यांचे डोळे माझ्यावर, कधी सुरू करते म्हणून. बोहल्याजवळ रंभाबाई गोपिकेच्या पदरात तांदूळ घालत होती, शोभाताई शेजारी उभ्या राहून मूठ मोजत होत्या. नेमके तेव्हाच काका पंगतीत माझ्यासमोरच्या पाटावर येऊन बसले आणि बोलू लागले. रंभाबाईने नारळ ठेवता ठेवता मान वर करून माझ्याकडे पाहिलं.

मी पानातला बुंदीचा लाडू उचलला आणि अख्खा तोंडात कोंबला.